दारातलं खाकरणं

ग्यानबानं मिशी काढली त्याला आठवडा उलटला होता, आणि नात अजूनही त्याला पाहून रडतच होती.

बरं, ती मिशी काही अशीतशी नव्हती. एसटीच्या स्टेअरिंगमागं तिनं अख्खी नोकरी काढली होती. मंगरूळपीरच्या स्टँडावर कोणी ‘मिशीवाले डायवर’ म्हटलं की चहावाला न विचारता कप विसळायला घ्यायचा. रिटायर झाल्यावरही ग्यानबा रोज सकाळी आरशापुढं उभा राहून तिला तेल लावायचा आणि लिलाबाई आतून ओरडायची, "झालं का तुमचं? का तिले दूध बी पाजता?" ती मिशी त्यानं सव्वा वर्षाच्या नातीसाठी, मैत्रीसाठी उतरवली. न्हाव्याकडून घरी आला तेव्हा दार उघडणाऱ्या लिलाबाईच्या तोंडून ‘कोन पाह्यजे?’ निघता निघता राहिलं. मग तिला हसू आलं, आणि हसता हसताच जीव भरून आला. या माणसाचा वरचा ओठ ती लग्नानंतर पहिल्यांदाच पाहत होती.

आणि मैत्रीनं काय केलं? बिनमिशीच्या आजोबाकडं एकवार पाहिलं, खालचा ओठ बाहेर काढला आणि असा सूर लावला की भिंतीपलीकडून सुलतानबीनं हाक मारली, "अरे क्या हुआ? पडली का पोरगी?"

"पोरगी नाही, मिशी पडली," लिलाबाई म्हणाली. "अन् फोकटच पडली."

एरवी हे हसण्यावारी गेलं असतं. पण आज रविवार होता, आणि उद्या सोमवारी सुनेला, रूपाला, शाळेवर हजर व्हायचं होतं. रूपानं शिक्षकाची परीक्षा दिली तेव्हा मैत्री पोटात होती. निकालाची वाट पाहता पाहता मैत्रीला दात फुटले, ती उभी राहायला लागली, आणि आता कुठं ऑर्डर आली होती. शाळा पोहरादेवीच्या पलीकडं एका तांड्यावर. सकाळची बस धरायची आणि दिवेलागणीला परत यायचं. अश्वजित वीज कंपनीत लाइनमन, तो कधी कुठल्या खांबावर असेल त्याचा नेम नाही. लिलाबाईची अंगणवाडी. तिथं नातीला घेऊन जा म्हटलं तर ती फणकारायची, "मोहल्ल्याची लेकरं माह्या भरोशावर, अन् मांडीवर माहीच नात? लोक काय म्हनतीन?"

राहता राहिला ग्यानबा. आणि नवल असं की त्याला कोणी विचारायच्या आतच तो म्हणाला होता, "कायची चिंता करून राह्यले? मी आहो ना."

घरातले सगळे तेव्हा एकमेकांकडं पाहायला लागले होते. ज्या माणसानं स्वतःची दोन लेकरं कधी चारचौघांत उचलली नाहीत, तो नात सांभाळणार! पण रूपानं पटकन वाकून त्याच्या पायाला हात लावला, आणि मग कोणाला काही बोलता आलं नाही.

बोलायला धम्मदीपा होती ना. थोरली लेक. नागपूरला बँकेत. वहिनीला नोकरी लागली म्हणून पेढे घेऊन शनिवारी आली आणि एका दिवसात घराचा सगळा हिशेब तिनं ओळखला.

विहारातून वंदना करून सगळे परतले तसा तिनं स्वयंपाकघरात कालचा विषय पुन्हा काढलाच. लिलाबाई ज्वारीचं पीठ मळत होती, रूपा खाली बसून मैत्रीला वरणभात भरवत होती.

"आई, मी कालपासून पाहून राह्यली. बाबा आले की रडते, बाबा गेले की गप. असं लेकरू दिवसभर त्यायच्यापाशी ठेवता? रडून रडून ताप घेईन ना ते!"

"सवय होईन," लिलाबाई म्हणाली.

"अन् सवय होईस्तोवर? त्यापेक्षा माह्याकडं द्या तिले वरीसभर. आमच्या बिल्डिंगीत खालीच पाळणाघर हाये. साफसुफ. बाई चांगली हाये. शनिवार-रविवार रूपानं यावं."

रूपानं घास खाली ठेवला. ही पोरगी मोठ्यानं कधी बोलायची नाही, पण तिचा आवाज जितका खाली जाई तितकं घर सावध होई. "ताई, तुमी मायेनं म्हनता, मले समजते. पन मैत्री नागपूरले गेली तं मी शाळेवर जात नाही. ऑर्डर परत करते."

"अश्वजित, आता तूच समजाव बाप्पा इले."

अश्वजित दारात उभा होता. काल तो बहिणीच्या बाजूनं होता. ‘वरीसभराचाच तं सवाल हाये’ असं बोलून गेला होता आणि रात्रीचं जेवण त्याला कोणी दुसऱ्यांदा वाढलं नव्हतं. आज तो शहाणा झाला होता. "मी काय म्हनतो, बाबाले अजून एक मौका—"

"बाबाले!" धम्मदीपा एकदम तडकली. "बाबांनी आपल्याले कवा घेतलं रे? मले तं एकडाव बी आठवत नाही. कोनाच्या खांद्यावर बसून मी जत्रा पाह्यली? मामाच्या. अन् आता एकदम आजोबा व्हायले निघाले."

लिलाबाईचा पिठातला हात थांबला. पोरीच्या मनात हे इतकी वर्षं होतं तर! आपण पेढ्यांवर, पाळणाघरावर बोलतोय असं तिला वाटत होतं. तिनं काहीतरी सांगायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात सुलतानबी हिरव्या हरभऱ्याच्या घाट्यांचा ढीग पदरात घेऊन मागच्या दारानं आत आली.

"माह्या शाहिदच्या वावरातले आहेत. गोड आहेत. लेकीले द्या," ती म्हणाली, आणि मैत्रीचा हात त्या ढिगाकडं गेला तसा पदर उंच केला. "ना ना, तुले नाही. दाणा नरड्यात अडकन. तुले शिजवून, कुस्करून." मग तिनं सगळ्यांच्या तोंडांकडं पाहिलं. "क्या बात? कोनी मेलं का?"

"मैत्री बाबांपाशी राहत नाही," रूपा म्हणाली.

"अगं, मग अंगावर धाडता कायले तिले? ‘जा आजोबाकडं, जा आजोबाकडं’ म्हणून लोटता. लेकरू काय पार्सल हाये? मोठ्या माणसानं खाली बसावं, दुसरीकडं पाहावं, आपलं काम करावं. लेकरालेच वाटलं पाह्यजे की हे काय करून राह्यलं बुवा. माह्या घरी सात नातवंडं वाढली. सातही अशीच आली मांडीवर."

"ते बी करून पाह्यलं बाबांनी," अश्वजित म्हणाला. "दारातून आत आले की रडनं सुरू. बसायचा वख्तच नाही येत."

सुलतानबी विचारात पडली. "मग लेकरू माणसाले नाही रडत," ती शेवटी म्हणाली. "काहीतरी होते, म्हणून रडते." एवढं बोलून ती घाटे सुपात ओतून निघून गेली, कारण तिचं दूध चुलीवर होतं.

पीठ मळून झालं तशी लिलाबाई नवऱ्याला चहा विचारायला पुढच्या खोलीत गेली, आणि उंबऱ्यातच थबकली.

ग्यानबा रांगत होता.

साठी ओलांडलेला, पाठीचा कणा एसटीच्या सीटवर झिजलेला हा धिप्पाड माणूस दोन्ही हात-गुडघे टेकून दिवाणाखालून सरपटत होता. बाजूला वर्तमानपत्र अंथरलं होतं आणि त्यावर रिमोटचा जुना सेल, ब्लाउजचं हूक, एक शेंगदाणा, गोळ्यांचं रिकामं पाकीट आणि सुतळीचा तुकडा असा सगळा माल ओळीनं मांडला होता. रिमोटच्या पाठीला त्यानं चिकटपट्टी गुंडाळली होती.

"काय हरपलं?" लिलाबाईनं विचारलं.

ग्यानबानं दिवाणाखालूनच उत्तर दिलं. "काही नाही. लेकराच्या उंचीवरून पाहून राह्यलो. उभं राहून हे काही दिसत नाही. तूच तं सांगत असते बायायले, लेकरू घरात सोडाच्या आधी आपन एकडाव रांगून पाहावं."

लिलाबाई दाराच्या चौकटीला टेकली. अंगणवाडीत आयांची सभा घेऊन ती घरी यायची तेव्हा जेवताना बडबडत असायची. वरणाचं पाणी पाजू नका, त्यानं पोट भरते पण लेकरू भरत नाही, घट्ट वरण द्या. न्हाणीतली बादली भरून ठेवू नका. चहाचा कप पोराच्या हाताला लागंल असा ठेवू नका. ग्यानबा मान खाली घालून जेवायचा. आपलं बोलणं याच्या कानावरून जाते असंच तिला आजवर वाटत आलं होतं. इतकी वर्षं हा माणूस एकेक शब्द गाठीला बांधत होता!

"न्हाणीतली बादली पालथी केली," तो बाहेर येत म्हणाला. "इस्तरी वर ठेवली. डेपोतून गाडी काढाच्या आधी खालून पाहाच लागते." तो दिवाणाला टेकून खाली बसला. धाप लागली होती. उघड्या पडलेल्या ओठावरून हात फिरवला, मिशी नाही हे आठवून हात खाली घेतला. "लिले, माहं काय चुकते वो?"

लग्न झाल्यापासून त्यानं तिला हा सवाल कधी विचारला नव्हता.

"मिशी काढली. आवाज हळू केला. तंबाखू तं कवाचीच सोडली. तरी मले पाह्यलं की तिचं तोंड वाकडं. उद्या रूपाची नोकरी गेली तं ते माह्यापायी जाईन. धम्मी म्हनते ते मी ऐकलं." त्यानं टोपी उचलली. "मी आयुष्यात कोनाची गाडी चुकू देली नाही."

"ऐकलं तुमी? सगळं?"

"भिंत का एवढी जाड आहे?" ग्यानबा म्हणाला, आणि टोपी घालून दही आणायला बाहेर पडला.

लिलाबाई स्वयंपाकघरात आली. तवा ठेवला. धम्मदीपाला जवळ बसवलं. भाकरी थापता थापता, तिच्याकडं न पाहता म्हणाली, "तुले घ्यायचे तुहे बाबा."

"कवा?"

"आबा घरी नसले की." आबा म्हणजे ग्यानबाचे वडील लखमा, ज्यांचा फोटो पुढच्या खोलीत बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरींखाली लावलेला होता. "आबा विहारात गेले, वावरात गेले, की तुहे बाबा तुले पोटावर घेऊन पडायचे. तुह्या पायाले तेल लावायचे. ड्युटीवर जातानी तुह्या झोक्याले एक झोका देल्याबिगर पाय उचलायचे नाहीत. पन बापापुढं आपलं लेकरू घ्यायचं नाही, असा रिवाज होता तवा. लाज वाटे मानसाले. आबाची चाहूल लागली, की तू खाली."

धम्मदीपा घाटे सोलत होती आणि सोललेले दाणे सालपटांत टाकत होती. शेवटी नाक ओढून म्हणाली, "मले कोनी सांगतलं नाही कवा."

"तू इचारलं नाही कवा."

स्वयंपाकघरातून मधल्या खोलीतलं सगळं दिसायचं. तिथं चटईवर अश्वजित उताणा पडला होता आणि त्याच्या पोटावर मैत्री घोडा घोडा खेळत होती. खिदळण्यानं घर भरून गेलं होतं. रूपा बाजूला बसून उद्याच्या साडीची घडी करत होती. लिलाबाईला ते पाहून बरं वाटलं. चांगला बाप निघाला आपला पोरगा, नाहीतर—

फाटक वाजलं. अंगणात ग्यानबा खाकरला.

ते त्याचं नेहमीचंच होतं. घरात सून आहे, लेकरू पाजत असेल, डोक्यावर पदर नसेल, म्हणून भल्या माणसानं दारात खाकरून यावं. त्याचे वडील तसेच यायचे.

आणि लिलाबाईनं पाहिलं. रोज डोळ्यांपुढं घडणारी गोष्ट तिनं पहिल्यांदाच पाहिली. खाकरल्याचा आवाज आला मात्र, अश्वजितनं डोळे न उघडता मैत्रीला पोटावरून उचलून चटईवर ठेवलं, पाय आवरले, शर्ट खाली ओढला आणि बापापुढं पोरगा बसतो तसा मांडी घालून बसला. रूपानं पदर सारखा केला आणि उठून आत सरकली. डोळ्याचं पातं लवायच्या आत पोरीचा घोडा गेला, बाप गेला, आई गेली. थंड चटईवर एकटी बसलेली मैत्री दाराकडं वळली. दारात ग्यानबा, हातात दह्याचं मडकं.

तिनं खालचा ओठ बाहेर काढला.

"थांबा!" लिलाबाई ओरडली. "कोनी हलू नका!"

सगळे जागच्या जागी थिजले. मैत्री मात्र थांबली नाही, तिनं भोकाड पसरलंच. तव्यावरची भाकरी करपत होती, पण लिलाबाईला कशाची शुद्ध नव्हती. "धम्मे! तू बी अशीच रडायची! आबाले पाहून! आबाच्या लाल पटक्याले भेते म्हनून आबांनी पटका सोडून देला, पांढरी टोपी घातली. तरी तू रडायचीच!"

"मंग?" धम्मदीपाला काही कळेना.

"मंग काय! तवा पटका गेला, आता मिशी गेली. दोन्ही बिचारे निर्दोष! अवो, ते बाबाले रडत नाही. बाबा खाकरले की तिले खाली ठेवता तुमी! पाजत असली रूपा, तं दूध तोडते. खेळवत असला हा, तं खेळ तोडते. रोज! दिवसातून कितीकडाव! त्या लेकरानं काय समजावं? हा बुढा आला की माही मांडी गेली!"

रूपाचा हात तोंडावर गेला. अश्वजित लाल झाला. "मी खाली ठेवतो? मी कवा ठेवतो?"

"आत्ता ठेवलं ना!"

त्यानं चटईकडं पाहिलं. खरंच की. पोरगी खाली होती आणि आपण तिला कधी ठेवलं ते त्याला आठवत नव्हतं. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. ‘लेकरू खाली ठेव’ असं ग्यानबा त्याला उभ्या जन्मात बोलला नव्हता, तसंच ग्यानबालाही लखमा कधी बोलला नसेल.

"बायायले सांगते मी सभेत," लिलाबाई कपाळावर हात मारून म्हणाली, "लेकरू रडलं तं लेकराकडं पाहू नका, रडन्याच्या आधी काय झालं ते पाहा. अन् माह्याच घरी माहे डोळे फुटले होते."

ग्यानबा मडकं धरून दारातच उभा होता. "म्हंजे मी खाकरलो नसतो, तं..."

"तुमी बाहेर जा," लिलाबाईनं हुकूम सोडला. "अन् परत या. खाकरा. अश्वजित, तू तिले सोडू नको. पाहू दे मले."

झाली तालीम सुरू. ग्यानबा निमूट फाटकाबाहेर जाऊन उभा राहिला. भिंतीवरून सुलतानबीचं डोकं वर आलं. "भाईसाब, घर से निकाल दिया क्या?"

"ट्रायल हाये," ग्यानबा गंभीरपणे म्हणाला, आणि आत येऊन खाकरला.

अश्वजितचे हात आपोआप खाली गेले. मैत्री चटईवर.

"अरे!" सगळ्या बाया ओरडल्या.

"आई, हात ऐकत नाही!"

दुसऱ्या खेपेला त्यानं पोरीला घट्ट धरलं, पण बाप दारात दिसताच तो पोरीसकट उठला आणि आतल्या खोलीत पळायला लागला. रूपानं शर्ट धरून त्याला ओढून बसवलं. विजेच्या खांबावर वादळात चढणारा गडी, पण बापासमोर पोटच्या पोरीला मांडीवर घेऊन बसायचं म्हणताना त्याच्या कपाळावर घाम आला होता. मान वर होईना. मैत्री त्याच्या चेहऱ्याकडं पाहून मुसमुसत होती.

ग्यानबानं दह्याचं मडकं खाली ठेवलं. "अश्वजित."

"हो, बाबा."

"मी माह्या बापापुढं तुमाले खाली ठेवत होतो. मले वाटे त्यात त्यायचा मान हाये." त्यानं धम्मदीपाकडं पाहिलं, मग परत पोराकडं. "तुले माहा मान ठेवाचा असन, तं तिले धरून ठेव."

धम्मदीपा उठली, भावाच्या शेजारी चटईवर बसली आणि त्याच्या कोपराखाली आपला हात दिला. ती रडत होती आणि ते तिनं लपवलं नाही. "सोडू नको भौ," ती म्हणाली. "मी आहो."

ग्यानबा पुन्हा बाहेर गेला, खाकरून आत आला. नातीकडं पाहिलं नाही. दारापाशीच खाली बसला, सूप पुढं ओढलं आणि घाटे सोलायला लागला. मैत्रीनं ओठ काढला. वाट पाहिली. पण तिच्या कमरेभोवतीचे हात सुटले नाहीत, उलट आवळले. तिनं मान वळवून बापाकडं पाहिलं, आत्याकडं पाहिलं, मग दारातल्या त्या माणसाकडं. ओठ हळूहळू आत गेला. ती टकामका पाहत राहिली, पण रडली नाही.

"भाकर जळली वो," धम्मदीपा म्हणाली.

"जळू दे मेली," लिलाबाई म्हणाली.

त्या दिवशी मैत्री आजोबाकडं काही गेली नाही. एवढ्यात जाईल अशी आशाही कोणी धरली नव्हती. पण ग्यानबानं दुपारभर अंगण ते घर, घर ते अंगण अशा फेऱ्या मारल्या. दर फेरीला खाकरला, दर फेरीला मैत्री कोणाच्या ना कोणाच्या मांडीवर होती. एकदा तर रूपा पदराखाली पाजत असताना तो आला. रूपा लाजेनं अर्धी झाली, पण तिनं पोरीला तोडलं नाही, नुसती भिंतीकडं वळली. ग्यानबाही भिंतीकडं तोंड करून निघून गेला. संध्याकाळपर्यंत त्याचा घसा बसला होता. लिलाबाईनं त्याला हळदीचं दूध करून दिलं आणि ते देताना त्याच्या पाठीवरून हात फिरवला. लेकासुनेदेखत, तिनंही असं कधी केलं नव्हतं.

धम्मदीपानं बँकेत फोन लावून रजा वाढवली. "दोन-चार दिवस राह्यते मी," ती म्हणाली. "लागलंच तं मदतीले. पाळणाघर काही कुठी पळून जात नाही." मग थोड्या वेळानं बापाजवळ जाऊन उभी राहिली. "बाबा, पायाले तेल लावाचं असते ना तिच्या? कसं लावायचे तुमी, दाखवा मले." ग्यानबानं लिलाबाईकडं चमकून पाहिलं, आणि लिलाबाईला एकदम भांडी घासायची आठवण झाली.

सोमवारी सकाळी रूपा तयार झाली. निळी साडी, नवी पर्स, डोळे रात्री न झोपल्याचे. मैत्री अश्वजितच्या कडेवर होती. रूपा हळूच मागच्या दाराकडं सरकायला लागली तशी लिलाबाईनं तिचा दंड धरला.

"पळून जाऊ नको. लेकराची नजर चुकवून गेली, तं उद्यापासून पदर सोडनार नाही. तिले सांगून जा. रडली तं रडू दे. येते म्हन, अन् ये."

"आई, मले तिच्या तोंडाकडं पाहून सांगता येनार नाही."

"येते. सगळं येते."

रूपा समोर आली. मैत्रीचे दोन्ही गाल धरले. "मी शाळेत जाते. दिवे लागले की येते. हं?" मैत्रीनं तिच्या कानातलं ओढलं.

ग्यानबा स्टँडावर बस लागली का ते पाहायला गेला होता. फाटक वाजलं. आणि जन्माची खोड ती, तो खाकरला.

सगळं घर थिजलं. अश्वजितचे हात आवळले. मैत्रीनं दाराकडं मान वळवली, हनुवटी गळ्याला लावली आणि म्हणाली, "ख्खं."

ग्यानबा उंबऱ्यावर थांबला. बसलेल्या घशानं पुन्हा खाकरला.

"ख्खं," मैत्री म्हणाली, आणि हसली. खालचे दोन दात, वरचे चार.

"अगं माय!" धम्मदीपा ओरडली. "आजोबाची नकल करते!"

ग्यानबानं एकदा भिंतीवरच्या लखमाच्या फोटोकडं पाहिलं. मग टोपी काढून दिवाणावर ठेवली आणि त्या फोटोसमोरच दोन्ही हात पुढं केले. "आण."

"नीट धरा, बाबा," अश्वजित म्हणाला. "मानेखाली नाही, आता कमरेले धराचं."

"गाडी चालवता येते मले," ग्यानबा म्हणाला. मैत्री त्याच्याकडं गेली. त्याच्या ओठावर, जिथं मिशी असायची तिथं, तिनं बोट लावून पाहिलं. रूपाला काही दिसत नव्हतं, डोळे भरले होते.

"उभी काहून आता?" ग्यानबा तिच्यावर खेकसला. "बस लागली हाये. जाय, माय. मी कोनाची गाडी चुकू देत नाही."

रूपा निघाली. फाटकाशी वळून हात हलवला. कोपऱ्यावरून निळा पदर दिसेनासा झाला, तेव्हा मैत्रीला कळलं. तिनं ओठ काढला आणि रडायला लागली, चांगली मोठ्यानं, मोहल्ला जागा होईल अशी.

लिलाबाई अंगणवाडीला निघता निघता थांबली. इतक्या दिवसांत तिनं हे रडणं कितीदा ऐकलं होतं. पण आज पोरगी आजोबाला पाहून रडत नव्हती. आईसाठी रडत होती, आणि रडायला तिनं तोंड खुपसलं होतं ते आजोबाच्याच खांद्यात.

"रड, माय, रड," ग्यानबा तिला थोपटत अंगणात फेऱ्या घालत होता. "मी आहो ना."